सानुग्रह

‘सानुग्रह अनुदान’ हा शब्दप्रयोग घनसावंगी तालुक्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या तेव्हा तो कानांवर होता. २०२५ च्या सप्टेंबरात जायकवाडीच्या विसर्गाने गोदाकाठची पिके पाण्याखाली गेली तेव्हा तो पुन्हा ऐकू आला. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक बांधावर येतात, पंचनामा होतो, नुकसान तेहतीस टक्क्यांच्या वर आहे की खाली हे ठरते (२०१५ पूर्वी ही अट पन्नास टक्क्यांची होती), आणि मग यादीत नाव येण्याची वाट पाहणे सुरू होते. या सगळ्या व्यवहारात लोक ‘भरपाई’ म्हणतात आणि कागद ‘सानुग्रह’ म्हणतो. पाऊस सरकारने पाडलेला नसतो. तेव्हा कागदाने आपल्या मदतीला अनुग्रह म्हणावे यात फारसे वावगे नाही. पण नुकसान करणारा आणि अनुग्रह करणारा एकच असेल तर या शब्दाचा अर्थ काय उरतो? हा प्रश्न घेऊन आम्ही गेले काही महिने एका जपानी मासेमारी बोटीविषयीचे साहित्य, चित्रे आणि एक चित्रपट यांच्या सहवासात आहोत. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. या त्रैमासिकाचे उत्तन, पाचूबंदर आणि वसईकडील वाचक त्या बोटीच्या अधिक जवळचे. तरीही ही कथा आम्हांला आमच्या भागातून वाचावीशी वाटली, याचे कारण तो एक शब्द आहे.

प्रथम घडले ते थोडक्यात सांगू. ‘दाइगो फुकुर्यू मारू’, म्हणजे ‘पाचवा भाग्यवान ड्रॅगन’, या नावाची लाकडी बोट २२ जानेवारी १९५४ रोजी याइझू बंदरातून टूना माशांच्या शोधात निघाली. बोटीवर तेवीस माणसे होती. मिडवेच्या बाजूला दोर तुटून बरीच सामग्री समुद्रात गेली, म्हणून बोट दक्षिणेकडे मार्शल बेटांच्या दिशेने वळली. १ मार्चच्या पहाटे पश्चिमेकडचे आकाश उजळले. अमेरिकेने बिकिनी बेटावर उडवलेला तो हायड्रोजन बॉम्ब होता. त्याची शक्ती पंधरा मेगाटन भरली, आणि ती त्याच्या कर्त्यांनी बांधलेल्या अंदाजाच्या दुपटीहून अधिक होती. बोट तेथून सुमारे १६० किलोमीटरवर, अमेरिकेने जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर होती. काही वेळाने पांढरी राख पडू लागली आणि तासन्‌तास पडत राहिली. ती केसांत, कानांत, गळपट्टीत शिरली. ही काय वस्तू आहे म्हणून एकाने जिभेवर घेऊन पाहिली. १४ मार्चला बोट याइझूला परतली तेव्हा माणसांचे चेहरे काळवंडले होते. १६ मार्चला ‘योमिउरी’ दैनिकाने बातमी फोडली आणि त्याच दिवशी त्या बोटीचे तोक्योच्या त्सुकिजी बाजारात आलेले मासे खड्डा खणून पुरण्यात आले. बिनतारी संदेशवाहक आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबर १९५४ रोजी रुग्णालयात वारले. ते चाळीस वर्षांचे होते.

मराठी वाचकाच्या मनात कोळ्याची एक साहित्यिक प्रतिमा पक्की आहे. ती बव्हंशी हेमिंग्वेने घडवली आणि पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या अनुवादातून आपल्या घरांत आणली. म्हातारा एकटा समुद्रावर जातो, मोठा मासा गळाला लागतो, शार्क तो ओरबाडून खातात आणि म्हातारा सांगाडा घेऊन परततो. त्या हानीला प्रतिष्ठा आहे, कारण तिथे प्रतिस्पर्धी समुद्र आहे आणि समुद्राकडे कोणी भरपाई मागत नाही. याइझूची बोट या प्रतिमेला आतून उलटी करते. या माणसांनी मासा सांगाड्याच्या रूपात आणला नाही, धडधाकट आणला. आणि माणसांनी तो जमिनीत पुरला. प्रतिस्पर्धी समुद्र नव्हता, एक सरकार होते, आणि त्या सरकारचे कार्यालय, पत्ता आणि तिजोरी ठाऊक होती. तेव्हा ‘एका कोळियाने’च्या तोलाने या कथेचे मोजमाप करू गेल्यास आपण फसू. इथे सोसण्याच्या उदात्ततेला फारसा अर्थ नाही. इथे हिशेबाला अर्थ आहे.

पहिला हिशेब मांडला तो एका अमेरिकी शास्त्रज्ञाने. राल्फ लॅप हे स्वतः मॅनहॅटन प्रकल्पात काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ. त्यांचे ‘द व्हॉयेज ऑफ द लकी ड्रॅगन’ हे पुस्तक १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी ते ‘हार्पर्स’ मासिकात क्रमशः आले होते. त्यांची शैली सरळ आणि ओघवती आहे. ज्या देशाने बॉम्ब उडवला त्याच देशाचा, त्याच विद्येचा माणूस याइझूच्या खलाशांजवळ बसून त्यांचे ऐकून घेतो, ही घटनाच त्या काळी लहान नव्हती. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुइस स्ट्रॉस यांनी मार्च १९५४ च्या अखेरीस, बोट धोक्याच्या क्षेत्रात शिरली असली पाहिजे, असे विधान केले होते. हेरगिरीचा संशयही अमेरिकेत बोलून दाखवला गेला होता. त्या पार्श्वभूमीवर लॅप यांचे पुस्तक म्हणजे खलाशांच्या बाजूने उभी राहिलेली साक्ष आहे.

त्यातही राखेचा भाग वाचकाने सावकाश वाचावा. राखेत काय आहे हे अमेरिका सांगेना. तोक्यो विद्यापीठातील केन्जिरो किमुरा आणि इतर जपानी शास्त्रज्ञांना बोटीवरून खरवडून आणलेल्या चिमूटभर राखेतून एकेक द्रव्य ओळखून काढावे लागले. ज्याने घाव घातला त्याने शस्त्राचे नाव सांगायचे नाही, आणि घायाळाच्या वैद्याने जखमेवरून ते ओळखायचे, असा तो प्रकार होता. आमच्या तालुक्यातल्या भाषेत सांगायचे तर पंचनामा नुकसानग्रस्तालाच करावा लागला, आणि तरीही तो ग्राह्य धरण्याचा अधिकार दुसऱ्याकडेच राहिला. कुबोयामांच्या मृत्यूनंतर हेच झाले. जपानी डॉक्टरांनी कारण किरणोत्सर्ग दिले. अमेरिकी बाजूने रक्त चढवल्यामुळे झालेल्या काविळीकडे बोट दाखवले. किरणोत्सर्गाने रक्त नासले नसते तर रक्त चढवावे लागले असते का, हा साधा प्रश्न या वादात बाजूला पडला. लॅप शास्त्रज्ञ असल्यामुळे राखेच्या कोड्यात रमतात, आणि पुस्तकाचा वेग तिथे एखाद्या शोधकथेसारखा होतो. वाचनीयता वाढते, पण माणसे थोडी मागे सरकतात. पैसे मिळाल्यानंतर त्या माणसांचे पुढे काय झाले हे १९५८ चे पुस्तक सांगू शकत नव्हते. तो दोष लेखकाचा नव्हे, काळाचा आहे.

‘हार्पर्स’मधील लेखमालेसाठी चित्रे काढली ती बेन शान यांनी. लिथुआनियात जन्मलेला हा अमेरिकी चित्रकार १९३१-३२ मध्ये साक्को आणि वान्झेत्ती या देहदंड झालेल्या दोन इटालियन कामगारांवर चित्रमाला काढून नावारूपाला आला होता. मासिकाचे काम संपले तरी विषयाने त्यांना सोडले नाही. १९६० पासून त्यांनी त्यावर रंगीत चित्रांची मालिकाच केली, आणि १९६५ मध्ये ती रिचर्ड हडसन यांच्या मजकुरासह पुस्तकरूपाने आली. त्यांतील सर्वांत गाजलेल्या चित्रात रुग्णालयाच्या खाटेवर एक कोळी बसला आहे आणि त्याच्या हातात एक कागद आहे. त्या कागदावर तो आपले नाव, आपला धंदा, आपल्या बोटीवर काय आले हे सांगतो, आणि शेवटी आपण कोणत्या दिवशी मेलो तेही सांगतो. मृत माणूस आपल्या मरणाची नोंद स्वतःच्या हातात धरून बसला आहे. छापील प्रतिमेवरूनही हे चित्र अंगावर येते, हे आम्ही मान्य करतो. कागद हातात धरून बसलेली माणसे तहसील कार्यालयाच्या आवारात ज्याने पाहिली आहेत त्याला ते अधिकच कळेल.

तरीही या चित्राविषयी आमची एक तक्रार आहे. शान यांनी निवड केली ती मेलेल्याची. बोटीवर तेवीस जण होते. बावीस जण त्या वर्षी मेले नाहीत. कलेला हुतात्मा सोयीचा असतो. त्याचे जीवन पूर्ण झालेले असते, त्याच्या चेहऱ्याला रेषा देता येते, तो पुढे काही गैरसोयीचे बोलत नाही. जगलेल्या माणसाचे चित्र काढणे कठीण, कारण तो उद्या बाजारात जातो, लग्न करतो, दुकान टाकतो, शेजाऱ्याशी भांडतो, मिळालेल्या पैशातून घर दुरुस्त करतो. अशा माणसाच्या हातात कोणता कागद द्यावा?

कानेतो शिंदो यांचा १९५९ चा चित्रपट बोटीच्याच नावाचा आहे. शिंदो मूळचे हिरोशिमा प्रांतातले. १९५२ मध्ये त्यांनी हिरोशिमाच्या मुलांवर चित्रपट केला होता. या कृष्णधवल चित्रपटाचा पहिला भाग समुद्रावरचा आहे आणि आमच्या मते तोच त्याचा श्रेष्ठ भाग होय. बोट सजणे, निरोप, दोर सोडणे, गळ लावणे, ओढणे, थकणे, जेवणे या गोष्टी शिंदो इतक्या धीराने दाखवतात की हायड्रोजन बॉम्ब येण्यापूर्वीच आपल्याला या श्रमांची किंमत कळू लागते. पुढे काय नष्ट होणार आहे ते आधी मोजून ठेवले आहे. दुसरा भाग रुग्णालयातला. तिथे जुकिची उनो यांचा कुबोयामा आणि नोबुको ओतोवा यांची त्याची पत्नी यांच्या अभिनयाला दाद दिलीच पाहिजे. पण वृत्तपत्रे, मंत्री, विदेशी डॉक्टर आणि अंत्ययात्रा यांच्या गर्दीत चित्रपट सार्वजनिक शोकाकडे झुकतो आणि उरलेले खलाशी पुन्हा एक समूह होतात. जपानात तेव्हा शोक खरोखरच सार्वजनिक होता. तोक्योच्या सुगिनामी भागातील गृहिणींनी सुरू केलेल्या अण्वस्त्रविरोधी सह्यांच्या मोहिमेत ऑगस्ट १९५५ पर्यंत तीन कोटींहून अधिक सह्या जमल्या. चित्रपट त्या सह्यांच्या बाजूचा आहे आणि आम्हीही आहोत; पण सही करणारा घरी जातो आणि खलाशी याइझूला राहतो, एवढा फरक समीक्षेने नोंदवायला हवा. (१९५४ च्या नोव्हेंबरात आलेल्या ‘गोद्झिला’ची सुरुवातही समुद्रात उजळलेल्या प्रकाशाने आणि बुडणाऱ्या बोटीनेच होते. पुढे राक्षस शहरात शिरतो आणि बोटीवरची माणसे कोणाला आठवत नाहीत.)

आता त्या कागदाकडे वळू. त्याला साहित्य म्हणता येणार नाही, पण या विषयावरील कोणत्याही पुस्तकापेक्षा त्याचा परिणाम मोठा झाला. ४ जानेवारी १९५५ रोजी तोक्यो येथे अमेरिकेचे राजदूत जॉन ॲलिसन आणि जपानचे परराष्ट्रमंत्री मामोरू शिगेमित्सू यांनी पत्रांची देवाणघेवाण केली. अमेरिकेने वीस लाख डॉलर, तेव्हाच्या दराने बहात्तर कोटी येन, देऊ केले. कायदेशीर जबाबदारीच्या प्रश्नाला हात न लावता, कृपा म्हणून ही रक्कम देत आहोत, असा त्या पत्राचा आशय होता. जपानने ती १९५४ च्या चाचण्यांतून उद्भवलेल्या सर्व दाव्यांची पूर्ण आणि अखेरची फेड म्हणून स्वीकारली. या देवाणघेवाणीच्या चारच दिवस आधी, ३१ डिसेंबर १९५४ रोजी, बंदरांवर टूना माशांची किरणोत्सर्गासाठी होणारी तपासणी बंद करण्यात आली होती. तोवर साडेआठशेहून अधिक बोटींचे सुमारे ४८५ टन मासे फेकून द्यावे लागले होते. तपासणी संपली, म्हणून दूषित मासा संपला. रकमेतला मोठा वाटा मत्स्यव्यवसायाच्या नुकसानीकडे गेला. त्या बोटीवरच्या खलाशांच्या वाट्याला सरासरीने प्रत्येकी वीस लाख येन आले.

लॅटिन भाषेतला जो शब्द त्या पत्रात आहे त्याचेच आपल्या शासकीय मराठीने ‘सानुग्रह’ असे भाषांतर केले आहे. ज्या घरांत रोज संध्याकाळी जपमाळ होते त्या घरांना ‘कृपा’ या शब्दाचे वजन सांगण्याची गरज नाही. कृपा अशा हातून येते ज्या हाताने आपले काही घेतलेले नसते. लूकच्या शुभवर्तमानातील जक्कयाची गोष्ट आम्हांला या संदर्भात फार आठवली. प्रवचनांतून आपण ती उदारपणाची गोष्ट म्हणून ऐकतो. पण जक्कय जकातदार होता आणि हिशेबात पक्का होता. तो दोन वेगळी खाती उघडतो. निम्मी मालमत्ता गरिबांना, हे एक खाते. ज्यांना फसवून घेतले त्यांना चौपट परत, हे दुसरे. पहिल्या खात्यातून दुसऱ्या खात्याचे कर्ज तो फेडत नाही आणि दुसऱ्याला दान म्हणत नाही. १९५५ च्या पत्राने नेमके हेच केले : दुसऱ्या खात्याची रक्कम पहिल्या खात्यातून दिली आणि दोन्ही खाती बंद केली. कबुलीविना प्रायश्चित्त म्हणता येईल, तर तेही नव्हे. प्रायश्चित्तात निदान चूक कोणाची हे ठरलेले असते.

हे सारे आतून सांगणारे पुस्तक यायला जवळजवळ अर्धे शतक जावे लागले. माताशिची ओइशी बोटीवर होते तेव्हा वीस वर्षांचे होते. वडील वारल्यामुळे चौदाव्या वर्षी समुद्रावर गेलेला मुलगा. त्यांचे आत्मकथन २००३ मध्ये जपानीत आले आणि रिचर्ड मिनियर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ‘द डे द सन रोझ इन द वेस्ट’ २०११ मध्ये हवाई विद्यापीठाने प्रसिद्ध केला. आमच्या मते या विषयावरील सर्व कलाकृतींत हे श्रेष्ठ होय. कलागुणांच्या नेहमीच्या कसोट्यांवर ते कदाचित तिसरे किंवा चौथे ठरेल, हे आम्हांला दिसते. तरी आमचे मत आम्ही बदलत नाही.

ओइशी पहिल्यांदा आपल्याला सांगतात की पैसे मिळाल्यावर काय होते. चौदा महिने रुग्णालयात काढून मे १९५५ मध्ये ते बाहेर आले. याइझू हे मच्छिमारांचे गाव. त्या वर्षी मासा विकला गेला नव्हता, दर कोसळले होते, नुकसान घरोघर झाले होते. आणि भरपाई मात्र ठरावीक तेवीस घरांत आली होती. लोक हेवा करू लागले. त्याच वेळी किरणोत्सर्ग संसर्गाने लागतो या भीतीने दूरही राहू लागले. ज्याच्या जवळ जायचे नाही त्याच्याकडे पैसे आहेत, अशी विचित्र अवस्था. ओइशी गाव सोडून तोक्योला गेले आणि त्यांनी कपडे धुण्याचे दुकान काढले. महानगराच्या गर्दीत कोणी ओळखणार नाही हीच त्यांची अपेक्षा होती. त्यांचे पहिले मूल मृत आणि व्यंग घेऊन जन्मले, आणि हे त्यांनी दीर्घकाळ कोणाला सांगितले नाही. एकामागून एक सहकारी यकृताच्या विकारांनी जात राहिले. १९९३ मध्ये त्यांना स्वतःलाही यकृताचा कर्करोग झाला. हिरोशिमा आणि नागासाकीच्या बाधितांसाठी १९५७ पासून वैद्यकीय साहाय्याचा कायदा होता, ओळखपुस्तिका होती; बिकिनीचे खलाशी त्या कायद्यात बसत नव्हते. त्यांचे प्रकरण मिटलेले होते. तसा कागद होता.

यादीत नाव आल्याने गावात माणूस कसा एकटा पडतो हे मराठवाड्यातील वाचकाला ओळखीचे वाटेल. शेजारच्या बांधावर पंचनामा झाला, आपल्या बांधावर नाही. एकाचे पस्तीस टक्के भरले, दुसऱ्याचे तीस. रोष वरच्या कार्यालयाकडे जायला हवा तो शेजाऱ्याकडे जातो, कारण शेजारी रोज दिसतो. ओइशींच्या पुस्तकाचे मोठेपण असे की ते या हेव्याविषयी कडवटपणे लिहीत नाहीत. हेवा करणाऱ्यांचेही नुकसान झाले होते, हे ते विसरत नाहीत. दुखावलेला माणूस दुखावणाऱ्या शेजाऱ्याची बाजू आपल्याच पुस्तकात नोंदवतो, ही साहित्यातली सुलभ गोष्ट नव्हे.

पुस्तकात दोष आहेत. सरकारी कागदपत्रे, वृत्तपत्रांतील मजकूर आणि आठवणी यांची सरमिसळ आहे; काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात; काळाचा धागा मध्येच सुटतो. पण या पुनरावृत्तीला कारण आहे असे आम्हांला वाटते. १९८० च्या दशकात ओइशी शाळकरी मुलांसमोर बोलू लागले, बोटीच्या प्रतिकृती स्वतःच्या हातांनी करू लागले, आणि पुढची अनेक वर्षे तीच कहाणी सांगत राहिले. हे पुस्तक सांगण्यातून आलेले आहे. आपल्याकडची वृद्ध माणसे दुष्काळाची गोष्ट सांगताना जशी त्याच विहिरीशी पुन्हा येऊन थांबतात, तसे ओइशी त्या पत्राच्या तारखेशी येऊन थांबतात. एखादा चोखंदळ संपादक हे कापून टाकील, टाकू नये.

इथे एक आक्षेप विचारात घ्यायला हवा. भरपाई हा न्यायालयाचा आणि अर्थखात्याचा विषय. साहित्याने माणसाचे दुःख पाहावे, रक्कम पाहू नये, असे आमचे काही मित्र म्हणतात. दुःखाला किंमत लावणे हीच एक हीनता, असाही सूर त्यात असतो. आम्हांला हे पटत नाही. रकमेकडे न पाहणारे साहित्य रक्कम ठरवणाऱ्याच्या सोयीचे असते. शिंदोंच्या चित्रपटाने डोळे पाणावतात, शान यांच्या चित्रापुढे मान खाली जाते, आणि दोन्ही वेळा ४ जानेवारी १९५५ चे पत्र अबाधित राहते. ओइशींचे वाचून डोळ्यांत पाणी येत नाही, राग येतो, आणि त्या रागाला तारीख व सही आहे.

त्या पत्राची सावली किती लांब पडली ते कोचीच्या खलाशांवरून दिसते. १९५४ च्या चाचण्यांच्या काळात त्या समुद्रात असलेल्या शेकडो बोटींपैकी अनेक कोची प्रांतातल्या होत्या. त्यांची दखल घ्यायला सुरुवात केली ती १९८५ पासून एका शिक्षकाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी; बंदराबंदरांतून फिरून म्हाताऱ्या खलाशांच्या जबान्या त्यांनी गोळा केल्या. इतर बोटींवरील माणसांच्या तपासणीचे कागद जपान सरकारने बाहेर काढले ते २०१४ मध्ये, साठ वर्षांनंतर. २०१६ मध्ये पंचेचाळीस माजी खलाशी आणि वारस न्यायालयात गेले. जुलै २०१८ मध्ये कोचीच्या जिल्हा न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. त्यांना किरणोत्सर्ग लागला होता हे मात्र मान्य केले. डिसेंबर २०१९ मध्ये ताकामात्सूच्या उच्च न्यायालयानेही अपील फेटाळले. नुकसान झाले, पण वेळ निघून गेली.

मार्शल बेटांच्या रहिवाशांचे तर नावही आम्ही आतापर्यंत घेतले नाही, आणि तेही मासे धरूनच जगणारे लोक. रोंगेलाप बेटावर तीच राख पडली आणि त्यांना दोन दिवसांनी हलवले. पुढे त्यांच्यासाठी न्यायाधिकरण स्थापन झाले, पंधरा कोटी डॉलरचा निधी ठेवला गेला. न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या रकमा दोनशे कोटींच्या वर गेल्या आणि निधी आटला. हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आपल्या देशाचा या कथेशी संबंध मोठा नाही, पण अगदी नाही असेही नाही. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अण्वस्त्र चाचण्या थांबवण्याचा करार व्हावा, अशी मागणी केली, ती या बोटीच्या बातमीनंतर अवघ्या काही दिवसांत. त्यानंतर सोळा दिवसांनी, ईस्टरच्या संदेशात, पोप बारावे पायस यांनी हवा, जमीन आणि समुद्र दूषित करणाऱ्या अस्त्रांविषयी इशारा दिला. पोप तेविसावे योहान यांचे ‘पाचेम इन तेरिस’ हे परिपत्र ११ एप्रिल १९६३ चे. वातावरणातील चाचण्यांवर बंदी घालणारा करार त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाला. पुढे १९७४ आणि १९९८ मध्ये भारताने पोखरणला जमिनीखाली स्फोट केले आणि १९५४ चा आपला आवाज आपणच खाली आणला, असे आम्हांला वाटते. याविषयी वाचकांत मतभेद असणार, हे आम्ही जाणतो.

महाराष्ट्रात बॉम्बने बाधित झालेला कोळी नाही. पण समुद्र हिरावला गेल्याची भरपाई हा विषय आहे. उरणच्या पारंपरिक मच्छिमारांनी बंदराचा विस्तार, भराव आणि खारफुटीचा नाश यांमुळे आपली मासेमारी गेली म्हणून दाद मागितली. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातील पीठाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाखांहून अधिक रक्कम देण्याचा आदेश जवाहरलाल नेहरू बंदर न्यास, सिडको आणि ओएनजीसी यांना दिला. रकमेच्या मोठेपणाहून आम्हांला त्या आदेशाचे व्याकरण महत्त्वाचे वाटते. त्यात देणारे नावानिशी आहेत, देण्याचे कारण आहे आणि ते कारण म्हणजे त्यांची कृती आहे. १९५५ च्या पत्रात कर्ता नव्हता. राख पडली होती. ती कोणी पाडली हे वाक्यातून गाळले होते. कवितेत कर्ता गाळणे ही शैली असू शकते, राजनैतिक पत्रात ती धोरण असते. ओइशींच्या साध्या गद्यात प्रत्येक वाक्याला कर्ता आहे, आणि त्यांच्या शैलीविषयी याहून मोठी स्तुती आम्हांला सुचत नाही. उरणच्या एखाद्या म्हाताऱ्या कोळ्याने आपले आत्मकथन सांगितले आणि कोणी ते लिहून घेतले, तर मराठीला ओइशींच्या पुस्तकाचे भावंड मिळेल. तोवर निदान ओइशींचे पुस्तक मराठीत यावे. उत्तन-वसईकडील एखाद्या तरुण प्राध्यापकाने ते मनावर घ्यावे, अशी आमची सूचना आहे. बोटीचे आणि जाळ्याचे शब्द आमच्या गोदाकाठच्या भोई मंडळींकडे थोडे आहेत. कोळीवाड्यांकडे ते भरपूर असतील.

बोटीचे पुढे काय झाले तेही सांगून ठेवतो. निर्मळ केल्यानंतर तिला दुसरे नाव देऊन मत्स्यविद्यालयाची प्रशिक्षण नौका करण्यात आले. १९६७ नंतर ती तोक्योच्या कचऱ्याच्या भरावावर, युमेनोशिमा येथे, टाकून दिलेली सापडली. वृत्तपत्रातील एका पत्राने लोक जागे झाले आणि १९७६ पासून ती तिथल्या प्रदर्शनगृहात आहे. ओइशींची शेवटपर्यंत एक इच्छा होती. जिथे मासे पुरले त्या त्सुकिजी बाजारात त्या माशांच्या नावाने एक दगड उभा राहावा. मुलांनी दिलेल्या दहा-दहा येनांच्या नाण्यांतून दगड तयार झाला. बाजारात जागा मिळाली नाही, म्हणून २००० साली तो तात्पुरता म्हणून बोटीजवळ युमेनोशिमाला बसवला. त्सुकिजीचा घाऊक बाजार २०१८ च्या ऑक्टोबरात तोयोसूला हलला. ओइशी मार्च २०२१ मध्ये सत्त्याऐंशीव्या वर्षी वारले, तेव्हाही दगड युमेनोशिमातच होता.